प्रवासवर्णनांतील उन्हाळा

अलीकडे दिवाळी अंकांतून व परदेशस्थ मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून पूर्व कॅनडाच्या मोटारप्रवासाचीं वर्णनें वरचेवर वाचावयास मिळतात. टोरांटोहून निघावें, नायगरा पाहावा, माँट्रियलची वनस्पतिबाग व क्वेबेकजवळचा माँमोरेन्सी धबधबा करावा आणि सेंट लॉरेन्स नदीच्या कांठानें मेतिसच्या बागेपर्यंत जावें, असा हा बहुधा ठरलेला मार्ग होय. हीं वर्णनें हौसेनें लिहिलेलीं असतात व त्या हौसेची आम्हांस किंमत आहे. तथापि तीं ओळीनें वाचूं लागलें म्हणजे एक उणीव पुनःपुन्हा खटकते, आणि ती पहिल्याच वाक्यांतल्या 'उन्हाळा' या शब्दापासून सुरू होते.

इतवारींतल्या वाचकाला उन्हाळा म्हणजे काय हें सांगावयास नको. पारा 45 अंशांच्या घरांत जातो, बाजारांतले रस्ते दुपारीं ओस पडतात, महाराजबागेंतली हिरवळ करपते, आणि चिखलदऱ्याच्या कड्यांवर धबधब्याच्या जागीं नुसता काळा खडक उरतो. त्याच्या लेखीं फुलांचा मोसम हिवाळा आणि धबधब्याचा पावसाळा. अशा वाचकापुढें 'उन्हाळ्यांत बागा बहरल्या होत्या, धबधबे दुथडी कोसळत होते' असें लिहून लेखक खुशाल पुढें जातो! शब्द मराठी, पण त्यामागचा ऋतु परका. त्या प्रदेशांत जमीन कित्येक महिने बर्फाखालीं असते. बागेला आपलें सारें वर्ष उरलेल्या थोडक्या महिन्यांत उरकावें लागतें. म्हणून तेथील फुलण्यांत एक प्रकारची घाई असते आणि पाहणारांच्या गर्दींतही. हिवाळा सांगितल्यावांचून हा उन्हाळा कळत नाहीं. तो न सांगतां जें लिहिलें जातें, तें रंगीत चित्रांखालच्या मजकुरापलीकडे जात नाहीं.

मग उरतात विशेषणें. डोळ्यांचें पारणें फिटतें, भान हरपतें, आणि दृश्य 'अवर्णनीय' ठरतें. वर्णन करावयास बसलेल्या माणसानें हा शब्द वापरावा, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आमच्या भाषेंत हें असेंच चालत आलें आहे असें म्हणावें, तर तसेंही नाहीं. पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं अमेरिकेचें प्रवासवृत्त प्रसिद्ध केलें, तें तो देश स्वप्नांतही न पाहिलेल्या वाचकांसाठीं. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिति, सर्व कांहीं त्यांनीं इकडच्या परिस्थितीच्या शेजारीं ठेवून दाखविलें. काका कालेलकरांनीं 'लोकमाता'मध्यें नद्यांवर लिहिलें. त्यांच्या हातीं धबधबा हा नदीच्या आयुष्यांतला एक प्रसंग होतो, सुटें आश्चर्य राहत नाहीं. त्यांनीं वर्णिलेला गिरसप्पा पुढें शरावतीवरील लिंगनमक्की धरणानें, 1964 नंतर, फार बदलला. आज त्या वर्णनाला जें वजन आहे, तें त्यांनीं नदी पाहिली म्हणून.

कोणी म्हणतील, चार दिवसांच्या सहलीवर एवढें ओझें कशाला? पण ज्याला आम्ही ओझें म्हणतों, तोच या प्रवासांतला गोड भाग आहे. नायगऱ्याचेंच पाहा. 1950 सालच्या अमेरिका-कॅनडा करारान्वयें 1 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळांत सकाळीं आठपासून रात्रीं दहापर्यंत कड्यावरून सेकंदाला किमान 1,00,000 घनफूट पाणी सोडावें लागतें. शरद ऋतूंत ही मुदत रात्रीं आठला संपते. प्रेक्षकांची वेळ टळली कीं निम्मेंच पाणी सोडलें तरी चालतें. बाकीचें विजेकडे वळतें. जगाचा हा थोर धबधबाही वेळापत्रकानें चालतो! नळाची वेळ सांभाळून दिवस आंखणाऱ्या आमच्या वाचकाला हें किती जवळचें वाटलें असतें! त्या गर्जनेचें भय यानें कमी होतें असें नव्हे. पण तिच्यामागें माणसाचा हात दिसूं लागतो. नायगऱ्याहून उंच असा 83 मीटरांचा माँमोरेन्सी घ्या. 1885 सालींच त्याच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज क्वेबेक शहरांतल्या दिव्यांपर्यंत नेली होती. या गोष्टी त्या पाण्याच्याच आहेत. त्या वगळून उरतो तो फेंस.

बागांविषयीं तर आमचे लेखक अधिकच कंजूष. माँट्रियलची वनस्पतिबाग 1931 सालीं, ऐन मंदींत, मारी-व्हिक्तोरँ या वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्ती बंधूच्या ध्यासांतून उभी राहिली व बेकारांच्या हातांनीं ती घडली, हें आम्हांस अशा वर्णनांत क्वचितच भेटलें. मेतिसची कथा याहून सरस आहे. एल्सी रेफर्ड या बाईंनीं 1926 च्या सुमारास, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मासेमारीसाठीं असलेल्या आपल्या निवासाभोंवतीं ती बाग लावावयास घेतली. तेथें जी निळी खसखस फुलते, ती मूळची हिमालयाच्या पूर्व टोंकाकडची, तिबेटांतली. तिला दमट, थंड हवा लागते, आणि सेंट लॉरेन्सच्या कांठचा तो उन्हाळा तिला मानवतो. नागपुरांत ती एक मे महिनाही काढणार नाहीं. आमचा प्रवासी हजारों मैल ओलांडून तिच्यापुढें उभा राहतो, 'निळीं सुंदर फुलें' एवढें टिपतो आणि छायाचित्र काढून उपाहारगृहाकडे वळतो.