अंगणवाडीतील बालकाचे म्हणणे : गोंदिया जिल्ह्याच्या भाषास्थितीतून एक चिकित्सा

बालकांसाठी चालविलेल्या संस्थेविषयी खुद्द बालकाचे काय म्हणणे आहे, हा प्रश्न बालशिक्षणाच्या विचारात फार उशिरा अवतरला. संस्था कशी असावी हे प्रौढांनी ठरवावे आणि बालकाने तीत रमावे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने या समजुतीला छेद दिला. स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक बालकास आपल्याशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज लक्षात घेऊन त्या मताला उचित वजन दिले पाहिजे, असे हे कलम सांगते. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. पुढे २००५ साली संहितेच्या समितीने हा हक्क अगदी लहान बालकांनाही लागू आहे, आणि बोलता येऊ लागण्यापूर्वीही बालक आपले म्हणणे अनेक प्रकारे व्यक्त करीत असते, असे स्पष्ट केले. तत्त्व म्हणून याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद उरतो तो ‘ऐकणे’ या क्रियेच्या स्वरूपाविषयी. ही क्रिया सदिच्छेची आहे असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः ती प्रथम भाषेची बाब आहे. गोंदिया जिल्ह्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसून येते.

या बाबतीत महाराष्ट्राची स्वतःची अशी एक परंपरा आहे, आणि तिची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. गावातील उपेक्षित वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्या वस्त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली. ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ हे दोन शब्द या अनुभवातून घडले आहेत. येथे कोणी बालकाची मुलाखत घेतली नव्हती. मूल येत नाही, हीच त्याची उक्ती मानली गेली आणि तिला उत्तर म्हणून संस्थेने आपली जागा बदलली. ऐकण्याच्या परिणामी ऐकणाऱ्याने काही बदलणे हा जर ऐकण्याचा निकष मानला, तर बोर्डीचा प्रयोग संहितेच्या चव्वेचाळीस वर्षे आधीच त्या निकषाला उतरला होता, असे म्हणावे लागते.

मात्र या परंपरेचे मोठेपण मान्य करतानाच तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ताराबाईंचा पिंड माँटेसोरी आणि गिजुभाई बधेका यांच्या विचारांवर पोसलेला होता, आणि त्या विचारात निरीक्षणाला अग्रस्थान होते. बालकाकडे पाहावे, त्याच्या हालचालींतून त्याची गरज ओळखावी, ही त्याची रीत. पाहणारा अनुताईंसारखा असला तर ही रीत फळते. परंतु निरीक्षण ज्या क्षणी शासकीय कामकाजाचा भाग बनते, त्या क्षणी ‘पाहणे’ आणि ‘मोजणे’ यांतील अंतर पुसले जाऊ लागते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्यशिक्षण व शालापूर्व शिक्षण या सहा सेवांसह ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. बालकाचे वजन, त्याची उंची, वाढीच्या आलेखावरील हिरवा, पिवळा वा नारिंगी पट्टा, हजेरी, आहार, सारे काही नोंदविले जाऊ लागले. २०२१ पासून या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’वर भरल्या जात आहेत. या मोजमापाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. कुपोषणाने मूल दगावते, मत न विचारल्याने दगावत नाही. तथापि एवढ्या नोंदींच्या गर्दीत बालकाच्या एकाही वाक्यासाठी रकाना नसावा, ही गोष्ट सूचक आहे.

आता गोंदिया जिल्ह्याकडे वळता येईल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर वसलेला आहे. प्रमाण मराठी ही येथील कार्यालयांची व शाळांची भाषा. पण घरोघरची भाषा तीच आहे असे नाही. झाडीपट्टीची झाडीबोली, पोवार समाजाची पोवारी, देवरी व सालेकसा या भागांत गोंडी, पूर्वेच्या सीमेलगत छत्तीसगडी आणि बाजारात हिंदी, असे येथील चित्र आहे. पैकी गोंडी ही तर द्राविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते सहवासाचे आहे, वंशाचे नव्हे. झाडीबोली मराठीचीच बोली खरी, पण तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण नाहीत : ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो, ‘जवळ’चे ‘जवर’ होते. ज्या शब्दाने ही संस्था ओळखली जाते, त्या शब्दातील ‘अंगण’ही येथील बालकाच्या तोंडी ‘आंगन’ असते. संस्थेच्या नावापासूनच बालकाचा उच्चार चुकीचा ठरत असेल, तर त्या संस्थेविषयीचे त्याचे मत ऐकले जाण्याची शक्यता कितपत आहे, हे निराळे सांगावयास नको.

बालकाशी बोलू पाहणारा अभ्यासक वा अधिकारी सामान्यतः प्रश्नावली घेऊन येतो : ‘तुला अंगणवाडी आवडते का?’ ‘का आवडते?’ यातील पहिल्या प्रश्नाला लहान मूल बहुधा होकार देते, कारण मोठ्या माणसाच्या होकारार्थी सुराला प्रतिसाद देणे हेच त्याला त्या प्रसंगाचे प्रयोजन वाटते. दुसरा प्रश्न तर त्याच्या व्याकरणापलीकडचा असू शकतो. ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ ही प्रश्नरूपे मूल आधी आत्मसात करते. ‘का’ आणि ‘केव्हा’ मागाहून येतात, हा बालभाषेच्या अभ्यासातील सर्वमान्य निष्कर्ष आहे. शिवाय मोठ्यांचा प्रश्न निरर्थक असू शकतो, ही शंकाच मुलाला शिवत नाही. मार्टिन ह्यूजेस आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच व सात वर्षांच्या मुलांना ‘दूध पाण्यापेक्षा मोठे आहे का?’, ‘पिवळ्यापेक्षा लाल जड आहे का?’ असे अर्थहीन प्रश्न विचारले होते, आणि बहुतेक मुलांनी त्यांना गंभीरपणे उत्तरे दिली होती. उत्तर मिळाले एवढ्यावरून मत कळले असे मानणे किती धोक्याचे आहे, याचा हा उत्तम दाखला होय.

उलट बाजूने मौनाचाही असाच विपर्यास होतो. विल्यम लबाव यांनी १९६९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हार्लेममधील एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे उदाहरण दिले आहे. औपचारिक मुलाखतीत हा मुलगा एकेका शब्दात उत्तरे देत होता. मुलाखतकार त्याच वस्तीच्या बोलीत बोलणारा होता, तरीही प्रसंगाचे दडपण कायम राहिले. पुढच्या खेपेस मुलाखतकार खाऊ घेऊन आला, मुलाच्या मित्राला सोबत बसविले आणि स्वतः जमिनीवर बसला. तेव्हा तोच मुलगा आवेशाने बोलू लागला. बोली समान असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. बोलण्याच्या प्रसंगातील सत्तेचा तोलही बदलावा लागतो, हे यातून निष्पन्न होते. गोंदियातील एखादे गोंडीभाषक मूल पाहुण्यापुढे गप्प राहते, तेव्हा ते ‘लाजाळू’ किंवा ‘मागे’ आहे असा शेरा मारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावयास हवे.

प्रश्नोत्तरांच्या या मर्यादा ओळखून ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी लंडनमधील तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर काम करून ‘मोझेक’ पद्धती विकसित केली. त्यांचे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. मुलाने स्वतः काढलेली छायाचित्रे, त्याने अभ्यासकाला घडविलेली संस्थेची फेरी, त्याने केलेला नकाशा, त्याच्याशी झालेले संभाषण आणि मोठ्यांची निरीक्षणे असे लहान लहान तुकडे जुळवून एक चित्र तयार करावयाचे, अशी ही रीत आहे. तिच्यामागे इटलीतील रेज्जो एमिलिया येथील लॉरिस मालागुझी यांचा विचार आहे, तसेच ग्रामीण समाजांना बोलते करण्यासाठी विकसित झालेल्या सहभागी मूल्यमापनाची तंत्रेही आहेत. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने वा खडूने आपल्या गावाचा नकाशा काढावा, हे तंत्र भारतीय खेड्यांतही मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. तेव्हा ही पद्धती सर्वस्वी परकी आहे हा आक्षेप टिकणारा नाही.

तिच्यावरचा खरा आक्षेप निराळा आहे. छायाचित्र, फेरी, नकाशा यांतून मूल जे दाखविते, त्याचा अर्थ लावून अहवाल लिहिणारा शेवटी प्रौढच असतो. जेथे मूल आणि अभ्यासक एकच भाषा बोलतात, तेथे हे अंतर अर्थनिर्णयापुरते राहते. गोंदियात त्याआधी आणखी एक पायरी येते. मूल पोवारीत किंवा गोंडीत बोलते. सेविका ते समजून घेऊन मराठीत सांगते. पर्यवेक्षिका ते प्रमाण मराठीत लिहिते. ऐकण्यापूर्वीच भाषांतर होऊन जाते. अहवालात ‘मुलांना बाह्य परिसर आवडतो’ असे वाक्य उतरते, तेव्हा मूल नेमके काय म्हणाले होते हे शोधून काढण्याचा मार्ग बंद झालेला असतो. बालकाचे मत म्हणून जे हाती राहते तो प्रौढाच्या भाषेचा प्रतिध्वनी होय.

यावर उपाय बाहेरून आणण्याची गरज नाही. मराठीतच काही साधने सिद्ध आहेत. त्यांतील पहिले ‘करमणे’ हे क्रियापद. ‘आवडणे’ या क्रियापदाला एक वस्तू लागते आणि त्या वस्तूविषयी निवाडा अपेक्षित असतो. ‘करमणे’ला अशी वस्तू लागत नाही, ‘मला तिथे करमत नाही’ या वाक्यात कर्त्याची जागाच रिकामी आहे. जागा, माणसे, वेळ आणि मन यांचा जो एकत्रित मेळ असतो, तोच या क्रियापदाने सांगितला जातो. विदर्भात नव्या ठिकाणी गेलेल्या मुलाला घरची वडीलधारी माणसे हाच प्रश्न विचारतात. ‘बालकाचे परिसराविषयीचे मत’ या बोजड शब्दसंहतीला इतका नेमका देशी पर्याय उपलब्ध असताना प्रश्नावल्या ‘आवडते का?’ येथेच अडून बसतात.

दुसरे साधन सर्वनामांचे. मराठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद करते. ऐकणारा पहिल्यातून वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. मूल सेविकेशी बोलताना ‘आम्ही तिथे खेळतो’ म्हणते की ‘आपण तिथे खेळू’ म्हणते, यावरून ते तिला आपल्या खेळात धरते की नाही हे कळू शकते. प्रमाण अहवालात ‘मुले खेळतात’ असे तृतीयपुरुषी वाक्य होताच हा पुरावा नाहीसा होतो. तिसरे साधन दर्शकांचे. लहान मुलाच्या बोलण्यात ‘इथे’, ‘तिथे’, ‘हे’, ‘ते’ यांचे प्रमाण मोठे असते, आणि बोटाच्या खुणेशिवाय त्यांना अर्थ नसतो. ‘तिथे नको’ हे वाक्य खोलीत बसून ऐकले तर अपुरे वाटते. मुलाबरोबर चालत गेल्यास ‘तिथे’ म्हणजे अंधारे शौचालय आहे, की हात न पोचणारी पाण्याची टाकी, हे दिसते. ‘मोझेक’ पद्धतीतील फेरीचे भाषिक समर्थन येथे आहे.

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. मुलाचे मत घडोघडी बदलते, त्यावर विसंबून काय करणार, हा पहिला. परंतु बदलणारे मत खोटे नसते. एकाच दिवसाच्या मुलाखतीवर निष्कर्ष उभारणे मात्र चुकीचे असते. म्हणूनच ऐकणे हा प्रसंग नसून नित्याचा व्यवहार असावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नोंदींच्या भाराखाली आधीच दबलेल्या सेविकेवर आणखी एक काम का लादावे? यास उत्तर असे की, ऐकण्यासाठी लागणारी सर्वांत दुर्मीळ पात्रता तिच्याजवळ आधीच आहे. नियमाप्रमाणे सेविका ही त्याच गावची रहिवासी असते. मुलाची बोली तिला जन्मतः वा सहवासाने अवगत असते. कार्यालय मात्र तिच्याकडून या ज्ञानाची नव्हे, प्रमाण भाषेतील रकान्यांची अपेक्षा करते. तिच्यावरचा भार वाढवावयाचा नसून, तिच्या ज्ञानाला नोंदवहीत जागा द्यावयाची आहे.

ही जागा फार मोठी लागणार नाही. आठवड्यातून एखाद्या मुलाचे एक वाक्य, ते ज्या बोलीत उच्चारले गेले त्याच बोलीत, देवनागरीत, जसेच्या तसे. ते कोठे व कशाकडे बोट दाखवून म्हटले गेले. आणि त्यावरून अंगणवाडीत काय बदलले, असे तीन रकाने पुरेत. अर्थनिर्णय मागाहून कोणालाही करता येईल. मूळ शब्द हरवला तर तो कोणालाच करता येणार नाही. गोंडी वा पोवारी वाक्यात एखादे अक्षर चुकले तरी हरकत नाही, ते ‘सुधारले’ जाता कामा नये. तिसरा रकाना दीर्घकाळ रिकामा राहिला, तर त्या केंद्रात ऐकले जात नाही हे त्यावरूनच सिद्ध होईल.

या प्रश्नाची निकड यापुढे वाढणारी आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई सकाळपासून बांधीत वाकलेली असते आणि अंगणवाडीचे थोडे तास तिच्या दिवसाला पुरत नाहीत. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याचे धोरण आहे. म्हणजे मुलाने संस्थेत घालवावयाचे तास वाढणार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आरंभीच्या वर्षांत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे. पण घरच्या भाषेत शिकविणे आणि घरच्या भाषेत ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत मुलाच्या भाषेचा उपयोग प्रौढाचे म्हणणे पोचविण्यासाठी होतो. दुसरीत मुलाचे म्हणणे प्रौढापर्यंत पोचते. दिवसाचा मोठा भाग जेथे काढावयाचा, तेथे तहान, भीती, दुखापत आणि एकटेपणा सांगावयास मुलाजवळ आपल्या घरच्या शब्दांखेरीज दुसरे काहीही नसते. ते शब्द कळणारे माणूस तेथे असणे आणि ते शब्द टिकविणारी वही तेथे असणे, या दोन्ही गोष्टी आहाराइतक्याच मूलभूत सेवांत मोडतात.