रसविघ्नांची करमणूक : स्पर्धेचा चाहता आणि त्याचा पक्षपात

(१)

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा केली आहे. नटानटांत स्पर्धा लागली असता प्रयोगातील गुणदोष कसे मोजावेत, निर्णय कोणी द्यावा आणि विजयी ठरलेल्यास पताका कशी द्यावी, ह्याचा विचार तेथे आढळतो. निर्णय देणारे ते ‘प्राश्निक’. त्यांत यज्ञवेत्ता आहे, नर्तक आहे, छंदःशास्त्रज्ञ व वैयाकरण आहेत. राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक हेही आहेत. ज्याचा जो विषय, त्यात त्याचे मत प्रमाण, अशी ही व्यवस्था होय. प्रेक्षक कसा असावा हेही भरताने सांगितले आहे. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि त्याच्या शोकाने जो शोक करतो, तो खरा प्रेक्षक.

परंतु ह्या दोहोंत न बसणारा एक तिसरा मनुष्य आज घरोघरी दिसतो. तो प्राश्निक नव्हे, कारण निःपक्षपाती राहण्याची त्याची इच्छाच नसते. तो भरताचा प्रेक्षकही नव्हे, कारण एका स्पर्धकाच्या आनंदाने तो आनंदतो, तर दुसऱ्याच्या आनंदाने कष्टी होतो. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांचा, म्हणजे ज्यांना रूढ भाषेत ‘रिअ‍ॅलिटी शो’ म्हणतात त्यांचा, हा ‘चाहता’ होय. ह्या कार्यक्रमांच्या बऱ्यावाईटाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या चाहत्याच्या चित्तवृत्तीचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार काव्यशास्त्राच्या परिभाषेत करता येतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक स्वतः असा चाहता राहिलेला आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

(२)

पक्ष घेऊन कलेचा आस्वाद घेणे हे दूरचित्रवाणीने निर्माण केलेले व्यसन आहे, असे मानण्याचे कारण नाही. कलगी आणि तुरा ह्या पक्षांत विभागलेल्या शाहिरांचे सवालजवाब ऐकावयास जमणारा समाज कोणत्या ना कोणत्या बाजूचा असेच. कोकणात डबलबारीच्या भजनाला बसलेल्या मंडळींतही आपला बुवा आणि समोरचा बुवा हा भेद पहिल्या गजराआधीच ठरलेला असतो. नाट्यसंगीताच्या ऐन भराच्या काळात बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांच्या चाहत्यांत असाच चुरशीचा पक्षभेद होता. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ च्या जुलैत मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी म्हणून एकाच रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक नाटक पाहावयास जितके आले होते तितकेच सामना पाहावयासही आले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. त्यामुळे त्या सामन्याला दुसरी फेरी अशी लाभलीच नाही.

मग आज नवे काय आहे? एक तर, कलगीवाल्याला किंवा केशवरावांच्या चाहत्याला मत नव्हते. त्याला फक्त दाद देता येत असे. आजच्या चाहत्याच्या हाती मत आहे. १९९५ साली हिंदीत सुरू झालेल्या ‘सा रे ग म’ ह्या कार्यक्रमात निर्णयाचे काम जाणकारांचे होते. २००४-०५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’ मध्ये अभिजीत सावंत विजयी झाले ते प्रेक्षकांनी पाठविलेल्या मतांवर. निकाल आपल्या हाती आहे असे वाटू लागले की आस्वादाचे स्वरूप बदलते. दुसरे असे की, ‘मानापमाना’चा शेवट काय होणार हे प्रत्येकास ठाऊक होते, धैर्यधर आणि भामिनी ह्यांचे मीलन कोणी चुकवू शकत नव्हता. स्पर्धेचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक नसणे हेच तिचे भांडवल असते.

(३)

अभिनवगुप्तांनी अभिनवभारतीत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तीन येथे विशेष प्रस्तुत आहेत. हे माझे, हे परक्याचे, हे अमक्या स्थळीचे व अमक्या काळाचे, अशा विशेषांनी चित्त व्यापणे हे एक. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन समोरच्या कलाकृतीत मन न लागणे हे दुसरे. संशय हे तिसरे.

आता चाहत्याच्या चित्ताकडे पाहावे. ‘आमच्या गावचा मुलगा’, ‘आमच्या गुरूंची शिष्या’ हा विशेषांचा आवेश त्याच्या ठायी पहिल्या भागापासून असतो. स्पर्धकाचा जय तो आपला जय मानतो, आणि ‘बाद’ होण्याची घटका आली की त्याला घास गोड लागत नाही. म्हणजे तो स्वतःच्या सुखदुःखाने विवश आहे. आणि संशय? निकाल सांगण्याआधी दिवे मंद करावयाचे, पार्श्वसंगीत वाढवावयाचे, निवेदकाने लिफाफा उघडता उघडता थांबावयाचे आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लावावयाची, ही सारी योजना संशय लांबविण्यासाठीच असते. तात्पर्य, अभिनवगुप्तांनी जी विघ्ने म्हणून गणली, त्यांचीच येथे करमणूक केलेली आहे.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे लावून पाहता येईल. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्यातला आनंद तो हा. चाहता स्वतःची भूमिका सोडत नाही हे खरे. पण तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो काय? बहुधा नाही. तो त्या दुसऱ्यालाच आपल्या भूमिकेत ओढून आणतो. स्पर्धक मुलगी गाते आहे ती आपल्यासाठी, हरली तर हरलो आपण. ह्यात विकल्प आहे, समाधी नाही.

इतके म्हटल्यावर ह्या आस्वादाला रसबाह्य ठरवून मोकळे होता आले असते. प्रस्तुत लेखकाचे मत तसे होतेही. ते बदलण्यास एक वही कारण झाली.

(४)

‘झी मराठी’ वाहिनीवरील ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ ही बालगायकांची स्पर्धा २००८-०९ मध्ये महाराष्ट्रभर किती आस्थेने पाहिली गेली, हे त्या वेळी जाणत्या वयात असलेल्या वाचकांस सांगावयास नको. पल्लवी जोशी निवेदन करीत. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक होते. अंतिम फेरीत पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन ही पाच मुले पोचली. १९२१ च्या सामन्यात दोनच पक्ष होते. येथे पाच गावांचे पाच पक्ष झाले.

आमच्या घरी आत्या एक दोनशे पानी वही घेऊन बसत. परीक्षक गुण देत ते स्वरांच्या नावांनी. ‘ध’, ‘नी’ आणि क्वचित ‘वरचा सा’. आत्या प्रत्येक गाण्यासमोर परीक्षकांचा स्वर लिहीत आणि शेजारी स्वतःचा. त्या एका स्पर्धकाच्या कट्टर पक्षाच्या होत्या, प्रस्तुत लेखक दुसऱ्याच्या. कोण कोणाचे, हे आता उकरून काढण्यात अर्थ नाही. आपल्या स्पर्धकाला त्या परीक्षकांपेक्षा एक स्वर चढा देत आणि आमच्याला एक स्वर उतरता, इतके मात्र आठवते.

२००९ च्या फेब्रुवारीत अंतिम सोहळा झाला. कार्तिकी गायकवाड विजयी ठरली. निकाल आमच्यापैकी कोणाच्याच मनासारखा नव्हता. त्या रात्री प्रस्तुत लेखकाने मतदानाची पद्धत, प्रदेशाभिमान आणि लोकांची भक्तिभावना ह्यांवर बरेच तोंडसुख घेतले. अभंग आणि गौळण गाणाऱ्याला श्रोत्यांची दाद आयतीच मिळते, असेही एक विधान केले. आत्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, तू आज गाणं ऐकलंस कुठे? तू तर निकाल ऐकत होतास.”

पुढे काही वर्षांनी आत्यांच्या पश्चात ती वही हाती आली. तिच्यात काही ओळींवर परीक्षकांचे स्वर होते, पण आत्यांची जागा कोरी होती. आरंभी तो विसराळूपणा वाटला. नीट पाहता ध्यानात आले की ह्या कोऱ्या जागा बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या गाण्यांसमोरच्या होत्या. आणि त्यांपैकी दोन तरी अशा गाण्यांसमोर होत्या की ज्यांच्या वेळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवून डोळे मिटल्याचे लेखकाला पक्के स्मरते. उतरता स्वर द्यावयास त्यांचा हात धजला नव्हता. चढा देणे पक्षाला शोभले नसते. म्हणून जागा कोरी राहिली.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ही कोरी जागा हाच मुख्य पुरावा आहे. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या प्रेक्षकावर उपाय काय, ह्याचे अभिनवगुप्तांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. वाद्ये, गान, मंडपाची शोभा इत्यादींच्या योजनेने त्याचे चित्त रंगवावे, म्हणजे तोही सहृदय होतो. गान हे विघ्नावरचे औषध आहे. गायनस्पर्धेत विघ्न आणि औषध एकाच ठिकाणी ठेवलेले असते. पक्षपात चाहत्याला कान टवकारून बसवितो. एरव्ही जो मुखड्यापुढे ऐकत नाही, तो प्रतिस्पर्ध्याची चूक सापडावी म्हणून प्रत्येक श्रुती तपासू लागतो. अशा सावध झालेल्या कानावर एखादा निर्दोष अंतरा पडला की पक्ष क्षणभर गळून पडतो. आपल्या माणसाला दिलेली दाद ही आप्तभावातूनही येऊ शकते. प्रतिपक्षाला दिलेली, मनाविरुद्ध निसटलेली दाद मात्र निखळ रसास्वादाचीच खूण असते.

त्या रात्री लेखकाच्या हातून निसटलेले गाणे पुढे ध्वनिमुद्रणांतून ऐकले, तेव्हा स्वतःच्या विधानातली चूक उमगली. भावगीताचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या सान्निध्यात घडलेला असतो. त्याचे सौंदर्य श्वासाच्या मृदूपणात आणि स्वराच्या बारीक वळणांत असते. वारकरी परंपरेतला आवाज पखवाज-टाळांच्या गजरात उघड्या जागेवर शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचविण्यासाठी तयार होतो. त्याचा जोर, त्याची फेक, त्याचे ठसठशीत उच्चार हे त्याचे गुण होत. त्यात आयते काहीच नव्हते. दोन परंपरांना एकाच सप्तकाच्या मोजपट्टीने मोजणे हीच मुळात अडचण आहे. प्रत्येक विषयाला वेगळा प्राश्निक नेमणाऱ्या भरताला ती कळली होती. चाहत्याचा पक्षपात हा पुष्कळदा व्यक्तीचा नसून अशा एखाद्या परंपरेचा असतो, आणि तेवढ्यापुरता तो क्षम्यही आहे.

(५)

ह्यावरून ह्या कार्यक्रमांच्या मूल्यमापनाची एक कसोटी हाती येते. स्पर्धेच्या रचनेत प्रतिपक्षाला दाद निसटून जाण्याइतका अवकाश आहे काय? संपूर्ण गाणे ऐकविणारी स्पर्धा तो अवकाश देते. गाणे तोडून त्याजागी स्पर्धकाच्या घरची हलाखी, आईचे अश्रू आणि परीक्षकांचे रुसवेफुगवे भरणारी स्पर्धा तो काढून घेते. विघ्न ठेवते आणि औषध फेकून देते.

ह्याच कसोटीवर दुसऱ्या एका प्रकाराकडे पाहावे. नेदरलँड्समध्ये १९९९ साली निघालेल्या ‘बिग ब्रदर’ ह्या कार्यक्रमाचा ‘बिग बॉस’ हा अवतार हिंदीत २००६ मध्ये आणि मराठीत २०१८ मध्ये आला. येथे स्पर्धकांना एका घरात कोंडून त्यांचे वागणे दाखविले जाते. २००५ चे विजेते अभिजीत सावंत २०२४ च्या मराठी पर्वात उपविजेते ठरले. विजयी झाला तो बारामती तालुक्यातून, अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेला सूरज चव्हाण. तो कितपत ‘खेळला’ आणि त्याला सहानुभूतीची मते किती मिळाली, ह्यावर चाहत्यांत मोठा वाद झाला. वाद मिटण्याजोगा नव्हताच, कारण गुण कशाचे द्यावयाचे हेच ठरलेले नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच सावंतांच्या बाबतीत निदान गाणे समोर होते. जेथे तोलावयाची वस्तू मनुष्य हीच असते, तेथे चाहत्याचा राग जिरविणारे मध्यस्थ असे काही उरत नाही. तो सरळ त्या मनुष्यावर जाऊन आदळतो. नाटकातल्या खलनायकावर चिडलेला प्रेक्षक पडदा पडताच शांत होतो. येथे पडदा पडल्यावरही तो मनुष्य त्याच नावाने बाजारात भाजी घ्यावयास जातो.

स्पर्धक अल्पवयीन असेल तर हा विचार अधिकच गंभीर होतो. लहान मुलांना न शोभणारी नृत्ये त्यांच्याकडून करवून घेतली जात असल्याच्या संदर्भात माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ च्या जूनमध्ये वाहिन्यांना संयम पाळण्याची सूचना केली. वाहिन्यांना सूचना करता येते. चाहत्याला कोणी करावयाची? दहा वर्षांच्या मुलीच्या जयाला ‘आयता’ म्हणणाऱ्या प्रौढ श्रोत्याला त्या रात्री आत्यांनी अडविले नसते, तर आणखी कोणी अडविले नसते.

‘लिटल चॅम्प्स’ची ती पाच मुले २०२१ मध्ये त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात नव्या मुलांचे गुणग्राहक म्हणून बसली. एके काळचे स्पर्धक प्राश्निक झाले. चाहत्याला असे पद कधी मिळत नाही, आणि त्याने पक्षपात सोडून प्राश्निक व्हावे अशी अपेक्षाही नाही. तसे झाले तर स्पर्धेतला जीवच जाईल. त्याने आपला पक्ष खुशाल धरावा, चढे-उतरते स्वर लिहावेत. फक्त समोरच्या बाजूचे गाणे चांगले झाले तर वहीत एक जागा कोरी सोडण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्या ठायी असावा. सहृदयाचे लक्षण आज नव्याने सांगावयाचे झाले, तर ते ह्याहून फार निराळे असेल असे वाटत नाही.