आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण : बांधणाऱ्याचा शोध

मराठी राजनीतिपर गद्यात 'आज्ञापत्रा'चे स्थान वादातीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला, इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ भाषेच्या अभ्यासकांनी त्यातील फारसी-संस्कृत मिश्रणासाठी वाचला आणि इतिहासकारांनी दुर्गनीतीसाठी. आरमाराच्या प्रकरणाचा उल्लेख मात्र बहुधा गौरवापुरता होतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाचा दिन सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला. अशा प्रसंगी या प्रकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु गौरव हे काही वाचन नव्हे. हे प्रकरण युद्धसाधनाच्या निर्मितीविषयीचे एक शासकीय लिखाण म्हणून वाचले, तर ते काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रकरणातील तांत्रिक भाग थोडा, पण नेमका आहे. गुराबा फार मोठ्या नसाव्यात व फार लहानही नसाव्यात, गलबतेही त्याच बेताची असावीत, आणि वाऱ्यावाचून जे जागचे हलत नाही असे थोर जहाज बांधण्याच्या भरीस पडू नये, असा त्याचा आशय. हा केवळ काटकसरीचा उपदेश म्हणून सोडून देणे चूक होईल. गुराब म्हणजे पुढे लांब नाळ निघालेले, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज. गलबत त्याहून बरेच लहान व चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की गलबतांनी वल्ही मारीत गुराबेस ओढून न्यावे, ही त्या काळची रीत होती. म्हणजे 'मध्यम' हे माप एकट्या जहाजाचे नसून जोडीचे आहे. मालवणचे बंदर ज्याने पाहिले आहे त्यास याचे आणखी एक कारण सांगावे लागत नाही. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली व पाण्यावर जे खडक पसरले आहेत, त्यांतून वाट काढणे परदेशी थोर जहाजास अवघड, आणि येथल्या तांडेलास सवयीचे.

दुसरा भाग द्रव्याचा व लाकडाचा. आरमाराचा खर्च मुलुखाच्या नेमलेल्या उत्पन्नातून चालावा, बंदराच्या आमदनीवर तो टाकू नये. कारण तसे केल्यास आरमारवाले सावकारांस उपद्रव करतील व बंदरे मोडतील, असे हा ग्रंथकार बजावतो. लाकडाच्या बाबतीत तर त्याचे गद्य एकाएकी उबदार होते. राज्यातील सागवान परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलुखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये, कारण ती झाडे तिने पोटच्या मुलांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तरच धन्याची समजूत घालून, मोल देऊन ते घ्यावे. या परिच्छेदाचे कौतुक वारंवार होते आणि ते योग्यच आहे.

परंतु येथेच एक गोष्ट खटकते. झाड लावणारा येथे आहे, माल आणणारा सावकार आहे, लढणारा आहे, वसूल देणारा आहे. जहाज बांधणारा कोठेच नाही. मराठीतील विध्यर्थी '-आवे' प्रत्ययाचा हा गुण आणि हाच दोष. 'करावे', 'सजावे' या रूपांत क्रियेचे बंधन पूर्ण व्यक्त होते, कर्ता मात्र गाळता येतो. सर्व आज्ञाग्रंथांची हीच शैली आहे असे कोणी म्हणेल. ते पुरेसे उत्तर नाही. याच ग्रंथाच्या दुर्गप्रकरणात लोहार, सुतार, पाथरवट यांचा स्पष्ट निर्देश आहे. ते गडावर असावेत, त्यांची हत्यारे तयार असावीत, येथवर बारकावा आहे. मग समुद्राजवळ आल्यावर ग्रंथकाराची दृष्टी कारागिरावरून का घसरते?

माझ्या मते याचे कारण असे की गडावरचा सुतार हा राज्याचा चाकर होता, आणि खाडीकाठचा जहाज बांधणारा तसा नव्हता. तो आज व्यापाऱ्याचे तारू बांधी, उद्या मच्छीमाराची होडी, आणि परवा सरकारची गुराब. १६५९ सालची घटना या दृष्टीने बोलकी आहे. कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांची जहाजे बांधली जात असताना रुई लैतांव व्हिएगस व त्याचा मुलगा हे पोर्तुगीज जाणकार त्या कामावर होते; वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे दडपण येताच ते आपली माणसे घेऊन निघून गेले. कारागीर निघून जाऊ शकतो, हे भय त्या आरमाराच्या जन्मापासूनचे आहे. सहा वर्षांच्या आत, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला व आरमार वाढतच राहिले. तेव्हा त्यांच्या जाण्याने काम अडले नाही हे उघड आहे. ते कोणी पुढे नेले, त्यांची नावे आज्ञापत्र देत नाही.

ग्रंथाने गाळलेला हा कर्ता शब्दसंग्रहात मात्र पुरून उरला आहे. 'आरमार' हा शब्दच पोर्तुगीज 'आर्माद'वरून आलेला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' त्याच वाटेचे. 'गुराब' अरबी, मूळ अर्थ कावळा, 'सुकाणू' आणि 'खलाशी' हेही अरबीतले, 'नाखवा' आणि 'बंदर' फारसी, 'तोफ' तुर्की. आणि यांच्या जोडीला 'नाळ', 'उलांडी', 'होडी' हे किनाऱ्यावरचे आपले शब्द. दरबारी भाषेत परका शब्द हुकुमाबरोबर येतो; येथे तो हत्याराबरोबर, हातातून हातात आला आहे. म्हणूनच तो टिकला. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या 'राजव्यवहारकोशा'त दहा वर्ग आहेत. त्यांत शस्त्रवर्ग आहे, चतुरंगवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, आरमाराचा स्वतंत्र वर्ग नाही. संस्कृत पर्याय घडविण्याची ती मोठी मोहीम समुद्राच्या काठाशी बरीचशी थबकली असे दिसते. ही मला त्या कोशाची उणीव वाटत नाही. जहाजावर उभ्या असलेल्या माणसास नवा शब्द शिकविण्यास वेळ नसतो.

आज्ञापत्राची खरी उणीव वेगळी आहे. माप ठरले, द्रव्य ठरले, लाकूड ठरले. पण ठरलेले माप पुन्हा तपासण्याची तरतूद नाही. उद्या एखाद्या कारागिराने निराळ्या घडणीची गुराब बांधून आणली तर ती कोणी पाहावी, कोणी चालवून बघावी, तिचे मोल कोणी द्यावे? आज्ञेच्या भाषेत या प्रश्नास जागाच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी पेटून भस्म झाले. त्या नाशाची कारणे अनेक आहेत. पेशवे व इंग्रज यांची त्या वेळची युती हे त्यांतील प्रमुख. तरीही प्रतिपक्षाची जहाजे व तोफा बदलत असताना आपले माप मात्र आज्ञेत गोठले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

हाच प्रश्न आज निराळ्या पोशाखात समोर आहे. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून सरकारी संशोधनखर्चाचा काही भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे २०१८ पासून संरक्षण मंत्रालयाची 'आयडेक्स' योजना आहे. सैन्यदले अडचण मांडतात, नवउद्योग उत्तर घेऊन येतात, आणि नमुना तयार करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्याच्या बरोबरीचा वाटा उद्योजकाने उचलावयाचा असतो. अडचण सांगावी आणि घडण कारागिरावर सोडावी, हा भाग आज्ञापत्रातल्या मध्यम गुराबेसारखाच आहे, आणि चांगला आहे. बरोबरीच्या वाट्याबद्दल मात्र शंका वाटते. खर्च बंदरावर टाकू नका असे अमात्य सांगत होते, ते कमकुवत खांद्यावर ओझे पडू नये म्हणूनच. ज्याच्याजवळ दीड कोटी नाहीत पण हात आहे, त्याचे काय?

असा हात अद्याप आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या लहानशा गोदीत नौदलासाठी 'म्हादेई' (२००९) व 'तारिणी' (२०१७) ही शिडाची जहाजे बांधली गेली; त्यांवरून पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या. तेथल्याच 'होडी इनोव्हेशन्स' या संस्थेने (नावाचा पूर्वार्ध तरी आपला राहिला!) अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून खिळ्याविना, काथ्याने फळ्या शिवून एक जहाज उभे केले. त्याचे मूळ आराखडे कोठेच नव्हते. प्रतिकृतीच्या चाचण्या मद्रासच्या आय. आय. टी.त झाल्या, आणि शिवण्याचे काम बाबू शंकरन् यांच्या नेतृत्वाखालील केरळच्या कारागिरांनी केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले. हे काही युद्धसाधन नव्हे, हे मान्य. पण आज्ञापत्रात ज्याची उणीव भासते ती सांगड येथे बसली आहे : मागणी राज्याची, चाचणी विद्यापीठाची, हात कारागिराचा, आणि त्याचे नाव कागदावर. कोकणातही रांपणीच्या होड्या काथ्याने शिवल्या जात, तो काळ फार जुना नाही. आता होड्या फायबरच्या झाल्या आहेत, आणि त्या टाक्यांची, फळ्यांच्या सांध्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत असे मिस्त्री देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत अद्याप भेटू शकतात.