रणभूमीची पिछाडी आणि अनुभवाचा निकष

युद्धसाहित्याचा विचार करताना समीक्षा नकळत लष्करातीलच उतरंड स्वीकारते. आघाडीवर लढतो तो खरा सैनिक. पिछाडीस राहून शिधा, कपडे आणि साहित्य पुरवितो तो दुय्यम. लेखकालाही हाच मापदंड लावला जातो. त्याने खंदक पाहिला असेल तर त्याचा अनुभव अस्सल, नसेल तर कृतक. काझी नझरुल इस्लाम यांच्या युद्धविषयक लेखनाच्या आधारे हा मापदंड तपासून पाहावयास हवा.

१९१७ साली राणीगंज भागातील शाळा सोडून नझरुल ४९व्या बंगाली पलटणीत दाखल झाले. पलटण मेसोपोटेमियात गेली. नझरुल मात्र कराचीच्या छावणीत राहिले आणि क्वार्टर-मास्टर हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. सैनिकांना लागणाऱ्या वस्तूंचे वाटप करणे व त्यांचा हिशेब ठेवणे, हे अशा हुद्द्यावरील माणसाचे काम. १९२० मध्ये पलटण विसर्जित झाली, तोवर त्यांना प्रत्यक्ष रणांगणावर जाण्याचा प्रसंग आला नाही.

१९१९ साली, म्हणजे छावणीतील वास्तव्यातच, त्यांची ‘हेना’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिचा नायक सोहराब व्हर्दूनच्या खंदकातून आपली कहाणी सांगू लागतो. व्हर्दूनची लढाई १९१६ साली फ्रेंच व जर्मन सैन्यांमध्ये झाली आणि भारतीय पायदळाच्या डिव्हिजन तर १९१५ च्या अखेरीसच फ्रान्समधून हलविण्यात आल्या होत्या. मात्र कथेचे उणेपण या विसंगतीत शोधणे योग्य नव्हे. न पाहिलेले लिहिण्याचा अधिकार लेखकाला असतोच. उणेपण आहे ते वेगळ्या ठिकाणी. येथे रणांगण प्रेमवेदनेची भव्य पार्श्वभूमी म्हणूनच येते. शौर्याचे ठिकाण खंदक हेच, ही रूढ समजूत लेखकाने जशीच्या तशी उचलली आहे. अनुभवाचा अभाव हा येथील दोष नसून स्वतःच्या अनुभवावरील अविश्वास हा खरा दोष आहे.

‘बांधनहारा’ या पत्ररूप कादंबरीत हा अविश्वास बराच ओसरलेला दिसतो. १९२० पासून ती ‘मोसलेम भारत’मधून क्रमशः येऊ लागली आणि १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक नूरुल हुदा कराचीच्या छावणीतून पत्रे लिहितो. पाऊस, बराकीतले दिवस, मागे राहिलेली माणसे हा त्या पत्रांचा आशय आहे. कोठाराचे काम येथेही केंद्रस्थानी येत नाही. परंतु पिछाडीच्या सैनिकाची मूळ अवस्था, म्हणजे युद्धात असूनही युद्धापासून दूर असणे, ही पत्राच्या रूपबंधातूनच व्यक्त होते. पत्र म्हणजे अंतराचा स्वीकार. ‘हेना’मध्ये लेखक हे अंतर कल्पनेने ओलांडू पाहतो; ‘बांधनहारा’त तो त्या अंतरातच वास करतो.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीचे स्मरण येथे उचित ठरेल. तिचे शीर्षक रणभूमीचे असले तरी घटना घडतात त्या जर्मनीतून निर्वासित झालेल्या ज्यूंना घेऊन निघालेल्या जहाजावर. युद्धाची जाणीव युद्धस्थळाशी बांधलेली नसते, हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे.

छावणीचा अनुभव विषयाइतकाच भाषेतूनही प्रकटतो, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. पलटणीतील एका पंजाबी मौलवीकडून नझरुल यांना हाफिजच्या काव्याची गोडी लागली. पुढे १९३० मध्ये त्यांनी हाफिजच्या रुबायांचा अनुवाद प्रसिद्ध केला. ‘कमाल पाशा’ (१९२१) या कवितेत कवायतीचे हुकूम लयीचाच भाग होतात. ही लय लढाईची नाही. मैदानावर रोज घोटून घेतलेल्या पावलांची आहे. ‘विद्रोही’च्या कवीला युद्धाने काय दिले, या प्रश्नाचे एक उत्तर या सामान्य दिनक्रमात सापडते.

तात्पर्य, लेखक आघाडीपासून किती अंतरावर होता, हा वाङ्मयीन प्रश्न नव्हे. त्या अंतराचे त्याने काय केले, हा आहे. हे ओळखले नाही, तर खंदकात मेलेल्यांची गणना करताना त्यांची भाकर ज्यांनी मोजली, त्यांना आपली समीक्षाही हिशेबाबाहेरच ठेवील.