दिसलं तर बोला, पण काय दिसलं?

आज आपण एका वाक्याची समीक्षा करणार आहोत. ना कविता, ना कादंबरी. एक सरकारी वाक्य. पण जगभर कोट्यवधी माणसांनी ते वाचलंय, आणि त्याचे परिणाम कोणा ना कोणाला भोगावे लागलेत.

2001च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या लोकल आणि बस चालवणाऱ्या यंत्रणेने प्रवाशांना सांगितलं : काही दिसलं, तर काही बोला. 2010मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने तेच वाक्य देशभर नेलं. वाक्य म्हणून ते फार चांगलं आहे. छोटं, ठेक्याचं, लक्षात राहणारं. पण त्याचं कर्म शोधा बघू. काय दिसलं? वाक्य सांगतच नाही. ती रिकामी जागा ऐकणाऱ्याने भरायची, आणि घाबरलेला माणूस तिथे काय भरतो? दाढी, हिजाब, पगडी, परकी भाषा.

आता आपल्या मुंबईच्या लोकलमधली घोषणा आठवा. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. कानाला रूक्ष लागते. पण तिच्यात कर्म आहे : वस्तू. बेवारस पिशवीला धर्म नसतो. आमच्या मते ही रूक्ष घोषणा त्या चटकदार वाक्यापेक्षा सरस आहे.

इथे दुसरी बाजू नीट ऐकली पाहिजे. ती बाजू म्हणते, पोलीस मोजके, गर्दी अफाट. अलीकडचे हल्लेखोर एका विशिष्ट गटातले असतील तर तिथेच जास्त बघणं हा द्वेष नाही, हिशोब आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने 11 जुलै 2006ला पश्चिम रेल्वेच्या डब्यात आपलं माणूस गमावलं, त्याला आपण नुसतं ‘पूर्वग्रह बाळगू नका’ असं सांगून गप्प बसवू शकत नाही.

म्हणून हिशोबच करू या. समजा, एका गटात दहा लाख माणसं आहेत आणि त्यांत दहा गुन्हेगार. चेहरा पाहून अडवलं, तर एका गुन्हेगारामागे जवळजवळ एक लाख निरपराध अडतात. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ब्रिटनमध्ये 2000च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 44खाली ठोस संशय नसतानाही झडती घेता येत असे. 2009-10मध्ये अशा एक लाखाहून अधिक झडत्या झाल्या. त्यांतून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी झालेल्या अटका किती? शून्य. जानेवारी 2010मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हे अधिकार खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करतात असा निकाल दिला, आणि त्याच वर्षी सरकारला ते थांबवावे लागले.

मग दक्षता फुकट जाते का? अजिबात नाही. 1 मे 2010ची संध्याकाळ, न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना एक गाडी दिसली. इंजिन चालू, आत कोणी नाही, आणि धूर येतोय. त्यांनी पोलिसांना सांगितलं. बॉम्ब फुटला नाही. पुढे गाडीच्या क्रमांकावरून माग काढत पोलीस आरोपीपर्यंत पोचले. तो पाकिस्तानी वंशाचा होता, हे खरंच. पण बॉम्ब सापडला तो कोणाचा चेहरा बघून नव्हे, धूर बघून.

दुसरं उदाहरण त्याच्या आदल्या वर्षाचं. 2009च्या नाताळात विमान उडवायला निघालेल्या नायजेरियन तरुणाबद्दल अमेरिकी वकिलातीला आधीच सावध केलं होतं ते त्याच्या वडिलांनी. मुस्लिम वडिलांनी. सर्वांत मोलाची माहिती अशी घरातून येते. ज्या घराला आपण सतत आरोपीसारखं वागवतो, त्या घरातून ती येईल का हो?

आता आपल्या दाराशी येऊ. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारात, मालेगाव. स्फोटांत मेले ते मुख्यतः नमाजाला आलेले मुसलमान. अटक झाली तीही नऊ मुसलमानांना. पुढे तपास दुसऱ्याच दिशेला गेला आणि 2016मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. त्या माणसांची वर्षं गेली, ही एक हानी. तपासाची वर्षं चुकीच्या माणसांमागे गेली, ही दुसरी. दुसरी हानी आपल्या सगळ्यांची असते, हे आपण विसरतो.

तेव्हा आमचं म्हणणं असं. डोळे उघडे ठेवाच. फोन करायची वेळ आली तर जरूर करा. फक्त नंबर फिरवण्याआधी तक्रार मनातल्या मनात बोलून बघा, आणि तिच्यातून नाव, कपडे, दाढी, भाषा काढून टाका. मागे काही उरतं का? ‘सीटखाली बॅग आहे आणि डब्यात कोणी ती आपली म्हणत नाही’, हे उरतं. लगेच कळवा. ‘तो सारखा काहीतरी पुटपुटत होता’, एवढंच उरलं, तर थोडं थांबा. कदाचित तो रात्रपाळी करून घरी निघालेला, आपल्यासारखाच दमलेला माणूस असेल, आणि सुखरूप पोचू दे म्हणून प्रार्थना करत असेल. त्या प्रार्थनेत तुमचा डबाही आला.