गुडघ्यांवरून दिसलेलं चित्र

गुस्ताव्ह कायबोत या फ्रेंच चित्रकाराचं ‘लाकडी जमीन तासणारे’ हे १८७५ सालचं चित्र मी वर्षानुवर्षं पुस्तकात पाहत आलो. पॅरिसमधल्या एका घराची रिकामी खोली, समोरच्या गॅलरीतून आत येणारा उजेड आणि गुडघे टेकून फळ्या खरवडणारी, उघड्या अंगाची तीन माणसं. चित्र आवडायचं, ते त्या उजेडासाठी. माणसं काय करताहेत हे मात्र मला गेल्या मे महिन्यात कळलं, राजापूरकडच्या मित्राच्या जुन्या घरात आठवडाभर राहिल्यावर.

घर चिऱ्याचं. माजघरावर फणसाच्या फळ्यांचा माळा. कौलं परतून झाली होती, दोन वासे बदलले होते, आणि पावसाआधी तेवढा माळा हातावेगळा करायचा होता. मागच्या पिढीत कुणीतरी फळ्यांना जाड वॉर्निश फासलेलं, त्यावर चुलीचा धूर बसून सगळं काळंकुट्ट झालेलं. तो थर खरवडायला सुतारकाका, मित्र आणि मी असे तिघं पोलादी पत्र्या घेऊन बसलो. पहिल्या दिवशी मी मनगटाने ओढत होतो. काका म्हणाले, ‘हात सरळ ठेवा, ओढ पाठीतून येऊ दे. आणि लाकडाच्या रेषेनं जा. उलटं गेलात तर लाकूड उचकटतं.’ तसं केलं आणि काळ्या थराखालून हळदीसारखा पिवळा फणस वर आला. हातभर पट्टा होता, पण आम्ही तिघंही थांबून बघत राहिलो.

घरी आल्यावर पुस्तक उघडलं. कायबोतच्या माणसांचे हात लांब ताणलेले आहेत, पाठी जवळजवळ आडव्या आहेत. पूर्वी मला ती शरीरं सुंदर दिसावीत म्हणून तशी मांडलेली वाटायची. ती सुंदर आहेतच. उजेड मागून येत असल्यामुळे खांदे आणि दंड उजळतात, चेहरे सावलीत राहतात. पण त्या ताणलेल्या हातांमागे काकांनी सांगितलेलीच गोष्ट आहे. जोर पाठीतून येतो आहे. चित्रकाराने तो पाहून, समजून काढला आहे.

जमिनीवरच्या पट्ट्यांचंही तसंच. एक पट्टा काळसर, चकचकीत. शेजारचा तासलेला, फिका. काळ्या पट्ट्यावर उजेड घसरतो, फिक्यात तो मुरतो. मी याला रचनेतली खुबी समजत होतो. आता त्या पट्ट्यांकडे पाहिलं की काम किती झालं आणि किती उरलं हेच आधी दिसतं. फळ्या मोजतच आम्ही जेवायला उठायचो. या फळ्यांच्या रेषा चित्रात उभ्या चढत जातात, जमीन आपल्या अंगावर कलल्यासारखी वाटते. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला जमीन तेवढीच मोठी दिसते.

सगळीकडे कुरळ्या ढलप्या पडल्या आहेत. गॅलरीच्या लोखंडी कठड्यावरची वळणंही तशीच. घराच्या शोभेसाठी कारागिराने मुद्दाम घडवलेलं वळण आणि पात्याखालून आपोआप सुटलेलं वळण, दोन्ही एकाच नजरेत येतात. या एका जागेसाठी मी कायबोतला मोठा चित्रकार म्हणेन.

तरी माझं मन दुसरीकडेच अडकतं. उजवीकडच्या दोघांनी माना एकमेकांकडे जराशा कलवल्या आहेत. ते बोलताहेत. हात थांबलेले नाहीत. डावीकडचा तिसरा आपल्या अवजारासाठी हात लांबवतो आहे, तो बोलण्यात नाही, पण ऐकत असावा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी काम करताना सहज बोललं जातं. मित्राचे वडील गेल्याला दीड वर्ष झालं होतं. फोनवर आम्ही कौलं, वासे, गवंड्याची मजुरी एवढंच बोलायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी, पत्री चालू असताना, माझ्याकडे न बघता त्याने शेवटच्या रात्रीची सगळी हकिकत सांगितली. मीही मान तेवढीच वळवली.

हे लिहिताना एक फरक विसरता येत नाही. मी मैत्रीखातर बसलो होतो, वाटलं तेव्हा उठू शकत होतो. चित्रातले तिघं मजुरीवर आलेले आहेत, आणि खोली चित्रकाराच्याच घरातली आहे. कायबोत श्रीमंत घरचा. तो त्यांच्याकडे उभ्याने, वरून पाहतो, आणि चित्राने हे लपवलेलं नाही. पॅरिसच्या सलोन या अधिकृत प्रदर्शनाने १८७५ मध्ये हे चित्र नाकारलं. शेतात राबणारी माणसं चित्रांत चालत होती, शहरातले उघडे मजूर चालले नाहीत. १८७६ मध्ये इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा कादंबरीकार एमिल झोलाला त्यातला नेमकेपणा खटकला. ही चित्रकला त्याला काचेसारखी स्वच्छ आणि कलेच्या विरोधातली वाटली. झोलाबद्दल मला आदर आहे, पण इथे तो चुकला असं मी ठामपणे म्हणेन. पातं कसं धरलं आहे हे नेमकं काढणं हेच इथे त्या माणसांचा मान राखणं आहे.

कायबोतने मोने, रेन्वार, पिसारो या मित्रांची चित्रं विकत घेतली, प्रदर्शनांना पैसे पुरवले, आणि तो संग्रह मृत्युपत्राने सरकारला दिला. त्यात स्वतःचं चित्र ठेवलं नव्हतं. तो १८९४ साली, ४५व्या वर्षी गेला. त्याच्या वारसांनी हे चित्र देऊ केलं आणि ते सरकारी संग्रहात पोहोचवलं रेन्वारने. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

चित्रात उजव्या बाजूला एक बाटली आणि एक पेला ठेवला आहे. कुणी येऊन पिण्याआधी किंवा पिऊन झाल्यावरचा. आमच्या माळ्यावर काकू कोकम सरबताचा तांब्या पाठवायच्या. एकदा तो नुकत्याच तासलेल्या फळीवर टेकवला गेला आणि कोऱ्या लाकडावर ओलं गोल कडं उमटलं. वाळल्यावरही राहिलं. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो, तेव्हा मित्राने माझा हात धरला आणि म्हणाला, ‘राहू दे ते.’