बारा खंड आणि एक गैरहजर साक्षीदार

३ जुलै २०१६ ची रात्र. बगदादच्या कर्रादा भागात रोजा सोडून ईदच्या खरेदीला निघालेल्या लोकांच्या गर्दीत स्फोट झाला. तीनशेहून अधिक माणसे गेली. हे कृत्य ‘इस्लामिक स्टेट’चे होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, ६ जुलैला, लंडनमध्ये सर जॉन चिल्कॉट यांच्या समितीने इराक युद्धावरचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी ईद होती. शिरखुर्म्याच्या गडबडीत वर्तमानपत्रातली ती बातमी किती जणांनी वाचली असेल, अल्ला जाणे.

बारा खंड, सुमारे सव्वीस लाख शब्द, सात वर्षांचे काम. ब्रिटन हा देश अमेरिकेच्या आघाडीत सामील होऊन इराकमध्ये कसा उतरला आणि त्यातून काय शिकावे, हा त्याचा विषय. सरकारी अहवालाची समीक्षा साहित्याच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, हे युद्ध तोफांच्या आधी शब्दांनी सुरू झाले होते. म्हणून त्या शब्दांची झडती घेणारा ग्रंथ साहित्याच्या वाचकानेही तपासला पाहिजे.

आधी त्याचे गुण सांगू. २४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रांविषयी एक पुस्तिका काढली. तिला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची प्रस्तावना होती. गुप्तहेरांच्या माहितीत ‘बहुधा’ आणि ‘असावे’ होते, लोकांपुढे जाताना त्याचे ‘आहे’ झाले. माहितीला पेलणार नाही एवढ्या खात्रीने हा धोका मांडला गेला, असे अहवाल स्पष्ट सांगतो. एका खबरीचा किस्सा तर नमुनेदार आहे. इराकचे रासायनिक अस्त्र काचेच्या गोलांत भरलेले असते, असे एका खबऱ्याने कळवले. असे गोल प्रत्यक्षात सहसा वापरत नाहीत, पण एका गाजलेल्या हॉलिवुडपटात मात्र दाखवले होते, ही शंका अधिकाऱ्यांनीच काढली. तरीही ती खबर रीतसर मागे घेतली गेली ती युद्ध होऊन गेल्यावर. सूरह हुजुरातमध्ये खबरीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, ती का आहे हे अशा वेळी कळते.

फेब्रुवारी २००३ मधली दुसरी पुस्तिका तर सरळ नक्कल निघाली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नक्कल ओळखण्याची आमची खूण साधी आहे: ज्याची उत्तरपत्रिका पाहून लिहिले त्याच्या चुकाही उतरतात. इथे एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातले परिच्छेद मुद्रणदोषांसह उतरले होते. पण शब्द काही ठिकाणी बदलले होते. मूळ लेखात ‘विरोधी गट’ होते, त्यांच्या ‘दहशतवादी संघटना’ झाल्या. असा शब्दबदल आपल्या वाचकांना नवा नाही. एक शब्द बदलला की माणसाची बाजू ऐकून घेण्याची गरजच उरत नाही.

राज्यकर्त्यांसाठी अहवालाने काढलेले धडेही महत्त्वाचे आहेत. २८ जुलै २००२ रोजी ब्लेअर यांनी बुश यांना चिठ्ठी लिहून, काहीही झाले तरी आपण सोबत आहोत, असा शब्द दिला होता. त्यांच्या संसदेने मत दिले ते १८ मार्च २००३ ला, ४१२ विरुद्ध १४९. म्हणजे शब्द आधी गेला, विचार नंतर झाला. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा अखेरचा उपाय नव्हता, सद्दामनंतर काय करायचे याची तयारी अगदीच अपुरी होती, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. पुरेशा चिलखती नसलेल्या गाड्यांतून सैनिकांना फिरवल्याची नोंदही त्यात आहे. त्या देशाचे १७९ लष्करी जवान इराकमध्ये मरण पावले. दोस्ती टिकवायची तर दरवेळी डोळे मिटून साथ द्यावी लागते असे नाही, हा त्यातला सर्वांत मोलाचा धडा.

मग उणे काय? अहवालाने प्रश्न विचारला तो असा: आमचा निर्णय कुठे चुकला? हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण अर्धा आहे. दीडशेहून अधिक साक्षीदार झाले, त्यांत बहुतेक त्यांचेच मंत्री, अधिकारी आणि सेनानी. मृत सैनिकांच्या घरच्यांचेही समितीने ऐकले, आणि ते योग्यच केले. पण ज्यांच्या छपरावर युद्ध कोसळले, ते हजेरीपटावर जवळजवळ नाहीत. इराकी नागरिकांच्या मृत्यूंचे प्रकरण सतरावे, म्हणजे शेवटचे. २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, दहा लाखांहून अधिक बेघर झाले, असे समितीने मान्य केले. मेलेल्यांची मोजदाद करण्यापेक्षा इतरांचे आकडे खोडण्यात सरकारने जास्त कष्ट घेतले, हेही नोंदवले. तरी ते आकडेच राहतात. त्यांना नाव नाही, घर नाही, आवाज नाही.

याच्याशेजारी दुसरा एक ब्रिटिश अहवाल ठेवून पाहावा. बसऱ्यातल्या एका हॉटेलात काम करणारा बहा मूसा हा तरुण, दोन मुलांचा बाप, सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत मेला. त्याच्या अंगावर ९३ जखमा होत्या. सर विल्यम गेज यांचा त्यावरचा चौकशी अहवाल २०११ मध्ये आला. तिथे आकडा नाही, माणूस आहे. त्याच्यासोबत कोंडलेल्या इराकींच्या साक्षी आहेत. चिल्कॉट वाचून राज्यकारभार कळतो, गेज वाचून जुल्म कळतो. पहिल्यात दुसऱ्याचा श्वास यायला हवा होता, ही आमची मुख्य तक्रार.

बसरा आपल्याला परका नाही. राबिया बसरींचे नाव आपल्या घरांत घेतले जाते. पण महाराष्ट्राचा बसऱ्याशी आणखी एक संबंध आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी बसरा घेतले ते सहाव्या पूना डिव्हिजनच्या बळावर. तिच्यात मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन पुढे कूत येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिला शरण जावे लागले. कित्येक शिपाई कैदेतच मेले. त्या मोहिमेवरही चौकशी बसली, १९१७ मध्ये अहवाल आला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. नियोजन कसे फसले, जखमींचे हाल का झाले, याची त्यात कठोर चिकित्सा होती. मात्र इराकी माणसाच्या घरात शिरण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न तेव्हाही चौकशीबाहेर राहिला. नव्याण्णव वर्षांनी दुसरा अहवाल आला, तोही या प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला.

इथपर्यंत वाचून आपले काही वाचक खूश होतील. त्यांना आम्हाला एक विचारायचे आहे. मार्च १९८८ मध्ये हलबजाच्या कुर्दांवर सद्दामने विषारी वायू सोडला, हजारो माणसे मेली, तीही मुसलमानच. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतून किती मोर्चे निघाले? इराण आणि इराक आठ वर्षे लढले, त्या युद्धाची अशी खुली चौकशी कोणत्या मुस्लिम राज्यकर्त्याने केली? पाकिस्तानात १९७१ च्या पराभवावर न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांचा आयोग बसला. त्याचा अहवाल अठ्ठावीस वर्षे कुलपात होता, २००० साली त्याचा भाग बाहेर आला तोही आधी एका भारतीय साप्ताहिकातून. चिल्कॉटच्या अहवालात साक्षीदार गैरहजर आहे, आपल्याकडे तर चौकशीच गैरहजर.

म्हणून हा ग्रंथ नाकारून चालणार नाही. ज्या देशाने चूक केली त्यानेच आपल्या पंतप्रधानाला बोलावून जाब विचारला आणि उत्तरे छापली, ही गोष्ट लहान नाही. सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती स्वतःच्या विरोधात का जाईना. ब्रिटनने त्या साक्षीचा अर्धा भाग दिला. राहिलेला अर्धा भाग बसऱ्यात आणि कर्राद्यात आहे. तो लिहून काढायला सव्वीस लाख शब्द लागणार नाहीत. ज्याचे घर पडले त्याला समोर बसवून नाव विचारले, तरी सुरुवात होईल. आणि तसे विचारण्याची सवय आपण आपल्या घरापासून लावून घेतली, तर हा अहवाल आपल्यालाही काही शिकवून गेला असे म्हणता येईल.